विटांचा बंगला : मूल्यनोंदीचं काम

३ जून

आज काम हाती घेतलं : वारसा म्हणून या घराचं मोल काय, ते नोंदवायचं. घर एकमजली, विटांचं, शंभरीच्या आसपासचं. पुढे व्हरांडा, त्यावर बसकं कौलारू छप्पर, वासे भिंतीबाहेर हातभर आलेले आणि त्यांची टोकं मुद्दाम उघडी ठेवलेली. घर रस्त्यापासून मागे, समोर बाग, बागेला कमरेइतकी विटांची भिंत. अशी अकरा घरं या रस्त्यावर होती, आज सात आहेत.

मालक भाऊ-बहीण. भावाला पाडून नवं बांधायचंय, बहिणीला नाही, आणि दोघांनाही त्यावरून एकमेकांशी वाकडं घ्यायचं नाही. म्हणून त्यांनी एक प्रश्न लिहून दिला : "या घरात जपण्यासारखं नेमकं काय आहे?" 'नेमकं' या शब्दाखाली दोन रेघा आहेत. त्या रेघांचा मान ठेवायचा आहे. पुरावा हाती येईपर्यंत 'सुंदर', 'देखणं', 'ऐतिहासिक' हे शब्द या वहीत येणार नाहीत. ते कुठल्याही जुन्या घराला लागू पडतात, त्यामुळे कुठलंच घर त्यांनी वाचत नाही.

४ जून

दर्शनी भिंत मोजली. प्रत्येक थरात एक लांब वीट, एक विटेचं डोकं, पुन्हा लांब, पुन्हा डोकं : फ्लेमिश बाँड. भरीव भिंतीत डोकं दिसणारी वीट आरपार गेलेली असते आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवते. म्हणून पहिल्या फेरीत 'भरीव, एका विटेची भिंत' असं लिहून मोकळी झाले.

दुपारी दाराच्या चौकटीजवळ जाडी मोजली तेव्हा आकडा बसेना. एका विटेची भिंत ९ इंचांची असते. इथे गिलावा वगळून ११ इंच भरले. साडेचार, मध्ये २ इंच पोकळी, पुन्हा साडेचार. म्हणजे ही पोकळ भिंत आहे, बाहेरचा पडदा अर्ध्या विटेचा. मग ती डोकी? त्या अर्ध्या तोडलेल्या विटा आहेत. गवंड्याने एकेक वीट मधोमध तोडून बसवली, भिंत भरीव दिसावी म्हणून.

सकाळची नोंद खोडलेली नाही, तिच्यापुढे दुरुस्ती लिहिली आहे.

५ जून

फोटो. उत्तरेकडची भिंत वेलीखाली, ती राहिली.

७ जून

बाजूच्या भिंती. इथे नुसत्या लांब विटांचे थर, कुठे अर्धी डोकी नाहीत, कुठे मिरवणं नाही. वीटही वेगळी. पुढची एकसारख्या गडद तांबड्या रंगाची, कडा धारदार, सांधे ८ मिलिमीटरच्या आतले. बाजूची कुठे फिकी, कुठे जास्त भाजून काळवंडलेली, सांधे जाड. कोपऱ्यावर पुढची चांगली वीट वळून दीड विटेएवढी बाजूला येते आणि थांबते. कोपऱ्यावरून तिरकं पाहणाऱ्याला ती अख्ख्या भिंतीवर गेल्यासारखी वाटते.

हीच रीत शिकागोच्या बंगल्यांत आहे. तिथे १९१० ते १९४० या काळात असे सुमारे ८०,००० विटांचे बंगले उभे राहिले : रस्त्याच्या बाजूला निवडक वीट, बाजूंना आणि मागे साधी. २००० साली ते वाचवण्यासाठी शहराने वेगळा उपक्रम सुरू केला. त्या घरांपैकी बहुतेकांना नामवंत वास्तुकार नव्हता. कामगार, कारकून, छोटे दुकानदार यांनी घेतलेली ती घरं होती.

भावाने आज विचारलं, "म्हणजे पुढून दिखावा आणि मागून काटकसर, यात जपण्यासारखं काय?" प्रश्न रास्त आहे. पण मला ती कोपऱ्यावरची दीड वीट फार बोलकी वाटते. मोजके पैसे कुठे खर्चायचे हे कुणीतरी बसून ठरवलं, आणि तो हिशेब भिंतीत जसाच्या तसा राहिला. कागदावर कुणी तो लिहून ठेवलेला नाही.

१० जून

काळ ठरवण्याचं काम. एका जुन्या नकाशात हा भूखंड रिकामा, पुढच्यात घर उभं. दोघांत बारा वर्षांचं अंतर. ते कमी करायला घरातल्याच वस्तू साक्षीला घेतल्या.

बागेच्या भिंतीची एक वीट सुटली आहे. तिच्या वरच्या अंगाला खोलगट खाच आणि खाचेत दोन अक्षरांचा ठसा, म्हणजे साच्यात घडवलेली वीट. माळ्यावरचे खिळे गोल तारेचे. तारेचे खिळे सर्रास झाले एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, त्याआधी पत्र्यातून कापलेले चौकोनी असत. हॉलच्या काचेवर बारीक लाटा आहेत, डोकं हलवलं की बागेतली झाडं हलतात. खिळ्यांतून 'याच्या आधीचं नाही' एवढंच ठरतं, वीट आणि काच याहून नेमकं काही सांगत नाहीत. एका पुराव्याने साल ठरत नसतं, चारपाच पुरावे एकमेकांना घेरतात तेव्हा जागा आवळत जाते. मी पहिल्या महायुद्धानंतरची दहा वर्षं धरली आहेत आणि अहवालात तसंच लिहिणार आहे. ओढूनताणून एक साल दिलं तर पुढे सगळे तेच उद्धृत करत बसतील.

१२ जून

आज मूल्यनिवेदनाचा पहिला मसुदा लिहिला आणि संध्याकाळी त्यातला पहिलाच शब्द काढून टाकला. शब्द होता 'दुर्मीळ'.

हे घर दुर्मीळ नाही. अमेरिकेतल्या पासाडेनामधलं गॅम्बल हाउस दुर्मीळ आहे. १९०८ साली ग्रीन बंधू या वास्तुकारांनी एका श्रीमंत कुटुंबासाठी ते आखलं, त्यातले लाकडाचे सांधे हाताने घडवलेले आहेत. आपलं घर त्या घराचं दूरचं, साधं नातलग. त्याची किंमत त्याच्या सामान्यपणात शोधावी लागेल, आणि ते मांडणं जास्त कठीण आहे.

बंगल्याची गोष्टच मोठी विलक्षण आहे. बंगालमधल्या खेडुतांच्या बसक्या, उतरत्या छपराच्या घराला 'बांगला' म्हणत. सतराव्या शतकात कंपनीच्या इंग्रजांनी तो शब्द उचलला, घराला भोवती व्हरांडा जोडला, स्वतःच्या सोयीने ऐसपैस केलं. १८७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या केंटच्या किनाऱ्यावर, वेस्टगेट आणि बर्चिंग्टनला, सुट्टीची घरं म्हणून 'बंगले' बांधले गेले. तिथून तो अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गेला आणि वाटेत त्याचा वर्ग बदलला. साहेबाचं घर, मग हौशी श्रीमंताचं सुट्टीचं घर, मग विसाव्या शतकात नोकरदाराचं पहिलंवहिलं स्वतःचं घर.

हा शेवटचा बदल ट्रामशिवाय होणं अवघड होतं. १८८८ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडला फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने विजेच्या ट्रामचं मोठं जाळं यशस्वीपणे चालवून दाखवलं, त्यानंतर शहरं रुळांच्या कडेने बाहेर पसरली. शहराबाहेर जमीन स्वस्त म्हणून घर आडवं पसरता आलं, जिना नको, बाग परवडली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्डने उद्याननगराची, म्हणजे मोकळ्या हिरव्या जागा राखून वसवलेल्या शहराची, कल्पना मांडली (१८९८) आणि १९०३ मध्ये तसं पहिलं शहर, लेचवर्थ, उभारायला सुरुवात झाली. मोकळी हवा, सांडपाण्याची सोय, दर घराला झाड, हे तोवर मोजक्यांचं होतं. आमच्या या रस्त्यावरची मागे सरकवलेली घरं आणि कमरेइतक्या भिंती त्याच विचाराच्या आहेत. म्हणून सातातलं एक घर गेलं की उरलेल्या सहांचाही अर्थ थोडा कमी होतो.

मसुद्यात आता 'दुर्मीळ' च्या जागी 'प्रातिनिधिक' आहे. त्या शब्दाचा भार उरलेल्या अहवालाला पेलावा लागेल.

१५ जून

व्हरांड्याचा डावा अर्धा भाग बंद केलेला आहे : खाली रंगवलेले पत्रे, वर खिडक्या. मूळ नकाशात तो मोकळा असणार यात शंका नाही, विटांचे खांब आतून जसेच्या तसे दिसतात. माझ्या यादीत 'नंतरची भर, काढून टाकावी' असं होतं. भाऊही त्यावर राजी होता.

मग ताई, म्हणजे मालकांतली बहीण, तिथे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ही खोली भाड्याने दिली होती. वडिलांची नोकरी गेली तेव्हा. मी लहान होते, पण बेल आठवते. भाडेकरूची वेगळी होती, तिचा आवाज वेगळा होता." खांबावर रंगाखाली दोन छिद्रं सापडली, शेजारी वायरीची खोबण. घंटेची जागा तीच. खिडक्यांच्या काचा लाटांच्या, एकच तावदान सपाट. वितळलेल्या धातूवर तरंगवून केलेली अशी सपाट काच (फ्लोट ग्लास) पिल्किंग्टन या ब्रिटिश कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली, तेव्हा हे एक तावदान नंतर बदललेलं आणि बाकीच्या काचा जुन्या पद्धतीच्या. ताईंच्या आठवणीशी काळ जुळतो.

जुन्या वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचं अकरावं कलम सांगतं की वास्तूत सर्व काळांनी घातलेल्या रास्त भरीचा मान राखावा, एकाच शैलीची एकता साधणं हे जीर्णोद्धाराचं उद्दिष्ट नाही. हे कलम मला पाठ आहे. तरी माझ्या हाताने 'काढून टाकावी' लिहिलं, कारण मोकळा व्हरांडा डोळ्याला जास्त बरा दिसतो. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घराने अडचणीच्या काळात अर्धा व्हरांडा देऊन स्वतःला सावरलं. उपनगरातल्या अशा घरांची खरी कहाणी तीच असते. खोली राहणार.

एक अडचण : खालचे पत्रे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असावेत, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. रंग शाबूत आहे, तुटफूट नाही. तपासणीचा निकाल येईपर्यंत त्यांना छिद्र पाडायचं नाही, घासायचं नाही, कापायचं नाही. काढायची वेळ आलीच तर प्रशिक्षित माणसांकडूनच, आणि खिडक्या तशाच ठेवून. दारांच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, तिथेही कोरडं घासकाम बंद.

१८ जून

पाऊस. छत्री घेऊन तासभर घराभोवती उभी राहिले. मागची पन्हळ एका सांध्यातून गळते आणि पाणी थेट जोत्यावर पडतं. स्वयंपाकघरातल्या ओलीचं कारण बहुधा तेवढंच. पन्हळ आधी, बाकी सगळं मागाहून.

२० जून

आजची नोंद लांबेल, कारण या घराला सर्वांत मोठी इजा दुरुस्तीनेच केली आहे.

पावसाच्या बाजूच्या भिंतीचे सांधे कधीतरी सिमेंटने भरलेले आहेत. करडे, टणक, विटेच्या कडेवर पसरलेले. सांधे ठणठणीत आहेत आणि विटा झिजून आत गेल्या आहेत. काही विटांचा दर्शनी पापुद्रा हाताला लागून सुटतो. काम करणाऱ्याने मन लावून केलं होतं, सरळ रेषांवरून कळतं. चूक मालाची झाली.

चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेलं पाणी त्या सांध्यातून बाहेर पडतं, पाण्यातले क्षार तिथेच जमतात, आणि झिजायचं तर सांधा झिजतो. पन्नाससाठ वर्षांनी तो पुन्हा भरता येतो. सिमेंटने ही वाट बंद केली की पाणी विटेतून वाट काढतं, क्षार विटेच्या कातडीमागे स्फटिक होऊन फुगतात आणि ती ढकलून देतात. भट्टीत भाजताना विटेवर जी कडक कातडी येते ती एकदाच येते. ती गेली की आतला मऊ गर पावसाला उघडा पडतो.

गवंडीमामा सोबत होते. त्यांनी छिन्नीने एक सांधा उकरला आणि विचारलं, "ग्राइंडर लावू का? दिवसात भिंत होईल." मी नको म्हटलं. सांधा ८ ते १० मिलिमीटरचा, ग्राइंडरची चकती निसटली की दोन्ही बाजूंच्या विटांच्या कडा जाणार. त्यांनी थोडा वेळ भिंतीकडे पाहिलं. म्हणाले, "मग जिथे सिमेंट आपणहून सुटतंय तिथलंच काढू. घट्ट बसलंय ते काढताना वीटच येईल." अगदी बरोबर. माझ्या कामाच्या तपशिलात 'सर्व सिमेंट काढणे' असं होतं, ते बदललं.

पुढच्या भिंतीवर कुठे कुठे चढलेल्या रंगाचं काय, हा प्रश्न आज पुन्हा निघाला. कुणीतरी वाळूचा मारा सुचवला आहे. वाळूचा मारा रंगाबरोबर भाजकी कातडीही नेतो. लिखित नकार दिला.

२१ जून

त्याच भिंतीवर आडव्या बारीक भेगा. आधी त्या सिमेंटच्या आकुंचनाच्या वाटल्या होत्या. आज मोजल्या : दर सहा थरांवर एक, म्हणजे साधारण ४५० मिलिमीटरवर. इतकी शिस्त आकुंचनात नसते. पोकळ भिंतीचे दोन पडदे एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी धरलेले असतात, त्या पट्ट्या अशाच अंतरावर घालतात. गंजलेलं लोखंड मूळच्या कित्येक पट जागा मागतं, मग ते सांधा उचलतं.

सांध्यात १० मिलिमीटरचं भोक पाडून कॅमेऱ्याची नळी आत घातली. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पट्टी दिसली : रुंद, टोकाला माशाच्या शेपटीसारखी फाकलेली, बाहेरच्या पडद्यातला भाग गंजून पापुद्रे सुटलेला. पोकळीच्या तळाशी पडलेला मसाला साचून पूल झाला आहे, त्यावरून ओल आत जाते. उलगडा झाला तो काल उकरलेल्या सांध्यामुळे. सिमेंटमागच्या मूळ मसाल्यात काळे कण आहेत, राख मिसळलेली. राखेतली गंधकाची संयुगं लोखंड लवकर खातात.

पुढच्या भिंतीवर भेगा नाहीत. पण भेग नाही म्हणून पट्ट्या चांगल्या, असं धरता येत नाही. तिथे बारीक तारेच्या असतील तर त्या आवाज न करता गंजून तुटतात. तिथेही तीन भोकं पाडून पाहायचं, सांध्यातच, विटेत नाही.

उपाय आहे : सांध्यांतून स्टेनलेस स्टीलच्या नव्या पट्ट्या बसवणं आणि जुन्या जिथे भिंत उचलतात तिथे त्या मोकळ्या करणं. भिंत पाडावी लागत नाही. भावाला आज फोन करून आधी धोका सांगितला, मग उपाय. मूल्याच्या अहवालात घराची दुखणी लपवली तर त्या अहवालावर कुणी का विश्वास ठेवावा?

२५ जून

मसाल्याचे नमुने. मूळ मसाला ठेचून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. फसफसला, बांधणारा भाग विरघळला, वाळू खाली राहिली. ती धुऊन, वाळवून चाळली. नुसतं फसफसणं म्हणजे चुना असं नसतं, जुनं सिमेंटही हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन फसफसतं. उपयोग खरा वाळूचा. पुढच्या भिंतीत बारीक, पिवळसर, बाजूला भरड आणि राखमिश्रित. दोन भिंती, दोन मसाले, तोच हिशेब पुन्हा.

२८ जून

मागच्या खोल्यांवर चर्चा. भावाचा नवा प्रस्ताव : पुढचा भाग ठेवू, मागचं सगळं पाडून दोन मजले चढवू. अनेक ठिकाणी असंच होतं आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला घर वाचल्यासारखं दिसतं.

मी मागच्या खोल्यांत दिवसभर बसले. स्वयंपाकघर लहान, पण खिडकी ओट्यासमोर, मागचं दार कोठीजवळ, बैठकीच्या खोलीपासून चार पावलं. घरात नोकरांची वेगळी वाट नाही, मागचा जिना नाही. ज्या बाईने हे घर चालवलं तिच्या पायांचा विचार करून ही मांडणी झाली आहे. मोठ्या घरांत स्वयंपाकघर दूर असे, कारण तिथे राबणारं माणूस दुसरं असे. पुढची तोडकी डोकी आणि मागची चार पावलं एकाच हिशेबाची आहेत. मागचं काढलं तर पुढच्या भिंतीचं नुसतं चित्र उरेल.

पण सगळंच सारखं मोलाचं आहे असं मी लिहिणार नाही. मागचं न्हाणीघर अलीकडचं आहे, त्याला पायाही धड नाही. ते जाऊ शकतं. त्या जागी आणि त्यामागे, मूळ छपराच्या कण्यापेक्षा खाली राहून, दोन खोल्या येऊ शकतात.

२ जुलै

निवेदनाचा मुख्य परिच्छेद ठरला. इथे उतरवून ठेवते :

"हे घर नोकरदार कुटुंबासाठी बांधलेल्या उपनगरी बंगल्याचा प्रातिनिधिक नमुना आहे. निवडक विटेची दर्शनी भिंत, साध्या विटेच्या बाजू, मागची आटोपशीर मांडणी आणि भाड्यासाठी बंद केलेला व्हरांडा यांतून अशा कुटुंबाचं घर कसं आखलं गेलं आणि अडचणीत कसं वापरलं गेलं, हे एकाच वास्तूत वाचता येतं. रस्त्यावरच्या उरलेल्या सहा घरांसह ते एक गट आहे."

वारसा जतनासाठी ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये स्वीकारलेली बुरा सनद सौंदर्य, इतिहास, विज्ञान, समाज अशी मूल्यं पाहायला सांगते. मी ही चार पाहिली. सौंदर्याचा परिच्छेद दोनच ओळींचा आहे, आणि तेवढंच खरं आहे. तीच सनद म्हणते, आवश्यक तेवढं करा आणि शक्य तितकं कमी. पट्ट्या, पन्हळ, सांधे : आवश्यक. रंग काढणं : तूर्त नाही.

६ जुलै

बैठक. भावाने अहवाल पूर्ण वाचला होता, पानांच्या कडेला प्रश्न होते. तोडक्या विटांचं पान उघडून तो बाहेर गेला, भिंतीवर हात फिरवून आला. पाडायचा विचार त्याने मागे घेतला. दोन खोल्यांच्या उंचीवर त्याचं माझं अजून जमलेलं नाही, सुधारित आराखडा आल्यावर पुन्हा बसू. ताईंनी एकच मागितलं, भाडेकरूच्या घंटेची छिद्रं बुजवू नयेत. अहवालाच्या यादीत ती आता आहेत.

ॲस्बेस्टॉसचा निकाल होकारार्थी. पत्रे शाबूत असल्याने आहेत तसे, वर्षातून एकदा पाहणी.

९ जुलै

बाजूच्या भिंतीवर मीटरभर चौरसाचा नमुना. सुटलेलं सिमेंट हाताने काढलं, सांधा २५ मिलिमीटर खोल साफ केला, भिंत भिजवली. मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली भरड वाळू तीन भाग, राख नाही. गवंडीमामांनी सांधा विटेच्या कडेपासून किंचित आत ठेवला, ब्रशने ठोकून घेतला. रंग आज जास्त पांढरा दिसतो, वाळल्यावर कळेल. वर गोणपाट टांगलं आहे, ते आठवडाभर ओलं राहिलं पाहिजे. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं ताईंनी अंगावर घेतलंय.